पोट आत ओढून दिलेलं माप

गल्लीत सगळे त्यांना कात्रीबाई म्हणतात. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची हिंमत व्हायला आधी आपल्या कपड्यांचा लोभ सुटावा लागतो. नावाचं अर्धं श्रेय त्यांच्या हातातल्या लांब पात्यांच्या कात्रीला, उरलेलं जिभेला. शिवणात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नाही आणि डूख धरण्यात तर नाहीच नाही.

समोरच्या इमारतीतल्या विमा एजंटाने एकदा त्यांच्या दुकानाच्या दारातच गाडी लावली. काढा म्हटल्यावर, रस्ता तुमच्या वडिलांचा आहे का, असं वर विचारलं. बाई गप्प बसल्या. बाई गप्प बसल्या की शहाण्या माणसाने गाव सोडावं, पण एजंट शहाणा नव्हता. पुढच्याच आठवड्यात त्याने स्वतःच्या पायाने येऊन पॅंट दुमडून शिवायला दिली. कडक इस्त्री होऊन ती परत गेली. साहेबासमोर एजंट ऐटीत खिशात हात घालायला गेला, तर हात नुसता मांडीवरून घसरत राहिला. सगळे खिसे शिवलेले, तेही अशा बारीक टाक्याने की त्याच्या बायकोला उसवताना चष्म्यावर भिंग धरावं लागलं. गाडी तेव्हापासून पलीकडच्या रस्त्यावर असते.

तर अशा बाईच्या पोरीच्या वाटेला जाताना माणसाने चार वेळा विचार करावा. नगाऱ्याने एकदाही केला नाही.

नगारा म्हणजे फर्निचरच्या दुकानाचा मालक. आवाज असा की गिऱ्हाईक कपाट बघायला आलं तर कपाटाच्या काचा आधी नमस्कार करतात. पोटही आवाजाला शोभेल असंच. दिवसा सोफे विकायचे आणि संध्याकाळी सभागृहात हौशी मंडळाची नाटकं बसवायची. दिग्दर्शन त्याचं, मुख्य भूमिका त्याची, शेवटचं भाषण त्याचं, आणि टाळ्या कमी पडल्या तर दोष इतरांचा.

यंदाचं नाटक एका म्हाताऱ्या कप्तानाचं होतं. जहाज बुडालंय, माणसं बुडालीत, आणि कप्तान किनाऱ्यावर उभा राहून समुद्राला जाब विचारतो. शेजारी त्याची मुलगी. या मुलीच्या कामाला कात्रीबाईंची पोरगी निवडली गेली होती. वय सतरा. नकला करण्यात पटाईत. नगाऱ्याची नक्कल तर अशी करायची की तिच्या बापाने हातातला चहा दोनदा अंगावर सांडला होता.

पोरीला लहानपणापासून दमा. धूळ, मांजर आणि लोकर, तिन्हींशी वैर. दाण्याचा कण पोटात गेला तर ओठ सुजून येतात. कापडाच्या कसपटांनी छाती भरते म्हणून बाईंनी घरातलं मशीन हलवून रस्त्यापलीकडे खोली भाड्याने घेतली आणि तिथे दुकान मांडलं. घरात शिरण्याआधी त्या अंगावरचे कपडे झटकत नाहीत, बदलतात. नवरा पावाची गाडी चालवतो. तोही पीठ लागलेला शर्ट जिन्यातच उतरवतो. उघड्या अंगाने घरात शिरणारा नवरा आणि कपड्यांची घडी हातात धरून शिरणारी बायको, यावर गल्लीत काय काय बोललं जातं ते इथे सांगण्यासारखं नाही.

तालमीत नगाऱ्याने धुराचं यंत्र आणलं. समुद्रावर धुकं पाहिजे म्हणे. दिवेवाल्याने खटका दाबला, स्टेजवर पांढरा धूर पसरला, आणि पोरीचं वाक्य मधेच तुटलं. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. तिने हात वर करून धूर बंद करायला सांगितला आणि पिशवीतून दम्याचा पंप काढला.

"ए शिट्टी," नगारा म्हणाला, "नाटकं नाटकात करायची. काही झालेलं नाहीये तुला, सगळं डोक्यात आहे."

सगळं मंडळ हसलं. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांना काय झालं तेही कळलं नव्हतं, पण नगारा हसला की हसायचं अशी तिथली शिस्त. पोरीने पंप न वापरताच परत पिशवीत टाकला आणि बाहेर गेली. तिची पाठ वळते न वळते तोच तो म्हणाला, "चला, सुंठीवाचून खोकला गेला." ते तिला दारातून ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी ते काम दुसऱ्या मुलीकडे गेलं.

घरी येऊन पोरीने एवढंच सांगितलं की नाटकाचा कंटाळा आला. नकला बंद झाल्या. मैत्रिणींबरोबर कुठे जाणं बंद झालं, कारण कुठे गेलं की काहीतरी खावं लागतं, खाण्याआधी यात दाणे आहेत का ते विचारावं लागतं, आणि विचारलं की सगळे वळून बघतात. पंप घरात असला की मोज्यांच्या खणात, बाहेर असला की खिशाच्या तळाशी. रात्री झोप लागायची नाही, लागली तर दचकून उठायची. बाई विचारायच्या, काय झालं. पोरगी म्हणायची, काही नाही. जिभेने अख्खी गल्ली गार करणाऱ्या बाईंना त्या दोन शब्दांपुढे काही सुचायचं नाही.

मग एका दुपारी ती जिन्यात बसलेली सापडली. खांदे वर चढलेले, ओठांचा रंग उडालेला, दोन शब्द बोलायलाही श्वास पुरेना. बसमध्येच त्रास सुरू झाला होता, पंप खिशात होता, पण समोर कॉलेजची मुलं बसली होती. लोकांसमोर पंप ओढायची लाज वाटली म्हणून पोरगी तशीच घरापर्यंत आली होती. बाईंनी तिला पंप दिला आणि नवऱ्याने पावाच्या गाडीतून, भोंगा दाबून धरत, छातीच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या सिस्टर म्हणजे आडव्या बांध्याच्या, आवाजाने कडक आणि हाताने मऊ. पोरगी सावरल्यावर त्यांनी छाती तपासली, आणि मग खुर्ची ओढून शाळा सुटल्यावर गप्पा मारायला बसावं तसं बसून विचारलं की झोप कशी लागते, कुठे कुठे जाणं सोडलंस, आणि कशाची जास्त भीती वाटते, दम लागण्याची की लोकांनी बघण्याची. पोरगी रडली. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा. सभागृहातली हकिगत तेव्हा बाहेर आली, शिट्टीपासून सुंठीपर्यंत. सिस्टरांनी सांगितलं की दम लागला की माणूस घाबरतो आणि घाबरला की आणखी दम लागतो. पंप फुप्फुसाचं बघेल, भीतीचं आपण बघू. दवाखान्याच्या मागच्या खोलीत तिच्यासारखी मुलं आठवड्यातून एकदा जमतात, तिकडे येत जा म्हणाल्या. मग दाराशी उभ्या असलेल्या बाईंकडे वळून म्हणाल्या, "आणि आई, तुम्ही तो ओठ चावणं थांबवा. पोरगी तुमचं तोंड बघून ठरवते किती घाबरायचं ते."

बाईंनी ओठ चावणं थांबवलं. आता त्या दात खायला लागल्या.

पोरगी मागच्या खोलीत जायला लागली. तिथे बिस्किटाचा पुडा पोलिसांच्या कुत्र्यासारखा हुंगून मगच फोडणारा एक लांबट पोरगा होता, मांजरीपायी मावशीचं घर तुटलेली एक मुलगी होती, आणि सगळ्यांच्या खिशात पंप. घरी पुन्हा हसू ऐकू यायला लागलं. कुणालाही वाटेल, झालं, गंगेत घोडं न्हालं. पण बाईंच्या लेखी पोरगी बरी होणं एक आणि नगाऱ्याचं उट्टं निघणं दुसरं. मशीन चालवताना पायाच्या प्रत्येक दाबाला त्यांच्या तोंडून हळूच निघायचं, "सुंठीवाचून. सुंठीवाचून."

आणि देव असतो म्हणा, किंवा नगाऱ्याला अक्कल नसते म्हणा, तो एक दिवस स्वतःच दुकानात येऊन उभा राहिला. कप्तानाचा कोट शिवायचा होता. जाड लोकरीचा, उंच कॉलरचा, वर रुंद पट्टा. ही कुणाची आई आहे ते तो साफ विसरला होता. अपमान करणाऱ्याची आठवण अशीच कच्ची असते.

आता इथे शिंप्याची एक गोष्ट सांगायला हवी. मापाची फीत कमरेला लागली की प्रत्येक पुरुष पोट आत ओढतो आणि छाती फुगवतो. राजा असो की रखवालदार, कुणी सुटलेलं नाही. त्या मापाने कपडा बेतला तर दुकानाच्या पायरीवरच बटण उडेल. म्हणून चांगला शिंपी माप घेताना गिऱ्हाइकाला बोलतं करतो. मुलांचं कसं चाललंय विचारतो, शेजाऱ्याची निंदा करू देतो. निंदेत रंगला की माणूस पोट विसरतो, ते सुटून आपल्या जागी येतं, आणि तेवढ्यात खरं माप घ्यायचं. बाई तर त्यावर आणखी दोन बोटं कापड आत सोडतात. गल्लीतल्या अर्ध्या पुरुषांचा रुबाब त्या दोन बोटांवर उभा आहे.

नगाऱ्याने फीत बघितली आणि पोट आत ओढलं. मग सवयीने बोलायला तोंड उघडलं.

"बोलू नका साहेब," बाई गोड हसून म्हणाल्या. "अस्सेच उभे राहा. काय छाती आहे!"

नगारा श्वास कोंडून, लाल होऊन, तसाच उभा राहिला. बाईंनी सावकाश माप घेतलं. एकदा घेतलं, खात्री करायला पुन्हा घेतलं. त्यांनी कुठे फसवलं नाही की काही चोरलं नाही. माणसाने जे माप दिलं तेच लिहून घेतलं, एवढंच.

मग कोट बेतला. आत सोडलेलं कापड म्हणून जे असतं ते कात्रीने पार शिवणीपर्यंत कापून टाकलं, म्हणजे उसवून सैल करायची सोयच नको. धागा दुहेरी, मेणाचा. हुक पाठीला, समोरून कोट सलग दिसावा म्हणून; आता हुक पाठीला असले की घालणाऱ्याचा हात पोचत नाही, त्याला बाई काय करणार? लोकर आहे म्हणून पोरीला दुकानात फिरकायचं नाही असं बजावून ठेवलं होतं. खरं कारण एवढंच नव्हतं. नवरा एकदा डोकावला, पुतळ्यावरचा कोट बघून बराच वेळ उभा राहिला आणि विचारलं, यात माणूस मावेल का.

"माणूस मावेल," बाई दाताने धागा तोडत म्हणाल्या. "नगारा मावणार नाही."

बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं की एकाच घरात दोन कट शिजतायत. मागच्या खोलीत एकदा प्रत्येकाने आपण जाणं सोडलेली एक जागा सांगायची होती. पोरीने सभागृह सांगितलं. मग तो लांबट पोरगा आणि मांजरवाली मुलगी तिच्याबरोबर दारापर्यंत गेली, आणि आत ती एकटी गेली. काम परत मागायला नाही. नगाऱ्याचं पाठांतराशी हाडवैर होतं, आणि विंगेत वही धरून बसायला, चुकल्यावर शिव्या खायला, कुणी तयार नव्हतं. प्रॉम्प्टिंग मी करते म्हणाली. धूर मात्र बंद. यंत्राला आधीच वैतागलेल्या दिवेवाल्याने धुक्यासाठी निळा उजेड टाकून दाखवला. नगाऱ्याने कुरकुरत मान डोलावली. आईला कळलं तर कात्री घेऊन सभागृहात येईल म्हणून घरी यातलं काही सांगितलं नाही.

प्रयोग रविवारी दुपारी होता. बाई कोट चढवायला रंगपटात गेल्या. नगाऱ्याला पोट आत घ्यायला लावून एकेक हुक अडकवत त्या शेवटच्यापर्यंत आल्या, वर पट्टा आवळला, आणि वर बघतात तर आरशात आपली पोरगी. हातात वही. कॉलेजात कुणाचं तरी भाषण ऐकायला चालल्येय असं सांगून घरून निघालेली.

मग पोरीची नजर कोटावर गेली. नगारा आरशात स्वतःला न्याहाळत होता, आणि त्याचा श्वास गळ्याच्या वर-वरच चालला होता, घोट घोट. तो श्वास पोरगी ओळखत होती. ती शिंप्याच्या घरात वाढली होती, तेव्हा कोटही ओळखत होती.

"आई, आत कापड किती आहे?"

"नाहीये," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात घंटा झाली.

बाई नवऱ्याशेजारी दुसऱ्या रांगेत येऊन बसल्या. पहिला अंक निभावला, कारण कप्तान बराच वेळ आजारी पडून असतो. शेवटी तो उठला, निळ्या उजेडात उभा राहिला आणि समुद्राला हाक मारली. "समुद्रा!" काचा हादरल्या. पुढचं वाक्य मात्र अर्ध्यावर चिरकलं. त्याने श्वास घेतला. कोटाने घेऊ दिला नाही. पुन्हा घेतला, तो आणखी आखूड. हात पाठीकडे गेला आणि हुकांपर्यंत न पोचता परत आला. डोळे मोठे झाले. घाम रंगातून वाट काढत कॉलरमध्ये उतरला.

याच तोंडासाठी बाईंनी सगळं केलं होतं. मशीनवर बसून त्यांनी ते कितीदा डोळ्यांपुढे आणलं होतं. एक क्षण असं बरं वाटलं की त्यांनी नवऱ्याचा हात दाबला. दुसऱ्या क्षणी दिसलं की खांदे तसेच वर चढलेत, तोंड तसंच उघडं आहे, आणि जिन्यात बसलेली पोरगी त्यांना समोर दिसायला लागली. नवऱ्यालाही दिसली असावी, कारण त्याने हात सोडवून घेतला.

विंगेतून कुजबूज आली. दुसऱ्या रांगेला अगदी पुसट ऐकू येत होती. "माझ्याकडे बघा. सोडा श्वास, घेऊ नका, आधी सोडा. हां. 'माझं जहाज नेलंस.' सोडा. 'माझी माणसं नेलीस.' सोडा."

नगारा तिच्याकडे बघत राहिला, बुडणारा माणूस दोरीकडे बघतो तसा. ती देईल तेवढे शब्द घेतले, सोडायला सांगितला की श्वास सोडला. दोन शब्द, थांबा. तीन शब्द, थांबा. गर्जना करायला हवाच नव्हती, त्यामुळे आवाज दमलेला, तुटका, म्हाताऱ्याचा आला. कप्तान जन्मात पहिल्यांदा कप्तान वाटला. मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. पडदा पडला आणि सगळं सभागृह उभं राहिलं.

बाई तेवढ्या बसून होत्या. एवढं खपून सापळा लावला, आणि त्यात सापडला काय, तर नगाऱ्याचा जयजयकार! त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रंगपटात त्यांनी एकेक हुक सोडवला तेव्हा नगारा स्टुलावर कोसळला. सगळं मंडळ भोवती. छातीवर हात धरून तो सांगत होता की श्वासच येईना, वाटलं मरतो आता, काय झालं कळेना. पोरीने त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास धरला आणि अगदी शांतपणे म्हणाली,

"काही झालेलं नाहीये सर. सगळं डोक्यात असतं."

कुणी हसलं नाही. नगारा ग्लास हातात धरून तिच्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी आठवल्यासारखं दिसायला लागलं. दिवेवाला मात्र तोंड फिरवून वायर गुंडाळायला लागला, कारण त्याला सगळं आधीपासूनच आठवत होतं.

बाई मायेने पोरीच्या खांद्यावर हात ठेवायला गेल्या. पोरीने तो ठेवू दिला नाही. सभागृहाच्या मागे पावाच्या गाडीपाशी आल्यावर बोलली.

"तो जसा श्वास घेत होता ना, तो माझा श्वास होता. तू माझा आजार उचललास आणि त्याला चिडवायला वापरलास. त्यानेही तेच केलं होतं."

"मग मी काय हातावर हात धरून बसायचं होतं?"

"हो. माझं उट्टं मी काढते. तू फक्त शीव."

नवऱ्याने गाडीचं दार उघडलं आणि, भूक लागली आहे, एवढंच बोलला. या माणसाला भांडणात नेमकी कधी भूक लागावी हे कळतं, म्हणून तो संसार टिकलाय.

दुसऱ्या दिवशी नगारा कोट घेऊन दुकानात हजर. बाईंनी मनातल्या मनात बाह्या सरसावल्या. तर हा म्हणतो की गावभर त्या शेवटच्या भाषणाची वाहवा चाललीय, अजून प्रयोग लागलेत, आणि कोटाचा एक टाकाही हलवायचा नाही. हाच कोट, असाच. फक्त, आणि इथे त्याचा आवाज सोफ्याखाली गेला, फक्त विंगेत तुमची मुलगी पाहिजे. तिच्याशिवाय ते भाषण माझ्याच्याने होणार नाही.

बाईंच्या जिभेवर एवढं काही गोळा झालं की हातातली टाचणी बोटात घुसली. पण त्यांनी ते गिळलं. रस्त्यापलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तिलाच विचारा. आणि लोकर इथे ठेवून जा."

नगारा जिना चढून गेला. वर काय बोलणं झालं ते गल्लीला अर्धंच ऐकू आलं. 'शिट्टी' हा शब्द मंडळात पुन्हा निघणार नाही. धुराचं यंत्र विकायचं. पुढच्या नाटकात काम, आणि तेही सगळ्यांसमोर वाचन घेऊन. यावर नगारा लगेच हो म्हणाला. शेवटच्या अटीला मात्र थोडा वेळ गेला.

पुढच्या प्रयोगाला सभागृह भरलेलं होतं. शेवटच्या अंकाची घंटा झाली. नगारा कोटात आवळलेला, घोट घोट श्वास घेत पडद्यामागे उभा होता; पडदेवाल्याचा हात दोरीवर होता, पण शेवटच्या अटीप्रमाणे पोरीचा पंप घेऊन होईपर्यंत ती ओढायची नव्हती. पोरगी उठून विंगेतल्या दिव्याखाली आली, जिथून मंडळातला प्रत्येक जण तिला बघू शकत होता. खिशातून पंप काढला. हलवला. श्वास पूर्ण सोडला, पंप तोंडाला लावून ओढला, आणि छातीत धरून ठेवला. बाई पाठीमागे सुईदोरा घेऊन उभ्या होत्या, ओठ न चावता.

बाहेर प्रेक्षकांत चुळबूळ सुरू झाली. कुणीतरी टाळी वाजवली. कोटातून बारीक आवाज आला, "झालं का?"

पोरीने नुसतं एक बोट वर केलं. श्वास सोडला, वहीचं पान उघडलं, थोडं थांबली, आणि पंप पुन्हा हलवायला लागली, कारण सिस्टरांनी दोन वेळा घ्यायचा आणि मधे घाई करायची नाही असं सांगितलं होतं. मंडळातले सगळे तिच्या बोटाकडे बघत उभे होते. पडदेवाल्याने नगाऱ्याकडे पाहिलं. नगाऱ्याने मान हलवली, नाही म्हणून, आणि होता तेवढा श्वास जपून धरत वाट बघत राहिला.